नसलेली एकादशी

देविकाचा काटा आईंच्या ताटलीकडे निघाला आणि आईंनी ताटली मागे ओढली. एवढंच झालं. दोन बोटं मागे ओढली असेल फार तर. पण काट्याच्या टोकाला मशरूमचा तुकडा होता, तो हवेतच राहिला, त्यातून तेलाचा थेंब टेबलावर पडला आणि देविका हसून म्हणाली, "काकू, घ्या ना थोडं, मस्त झालंय." म्हणाली खरी, पण हात परत नेताना ती अवघडली ते मी पाहिलं. माझ्या धाकट्या भावाची बायको, पहिल्यांदाच मद्रासला आलेली, आणि माझ्या सासूनं तिच्यासमोरून ताटली ओढून घेतली. माझे कान तापले. माझ्या नऊ वर्षांच्या कीर्तनाकडे मी पाहुण्यांसमोर ज्या नजरेनं पाहते, त्याच नजरेनं मी आईंकडे पाहिलं, म्हणजे घरी चल मग सांगते. आईंनी ती नजर पाहिली की नाही कोण जाणे. त्या ताटलीच्या कडेवर बोट ठेवून बसल्या होत्या. ताटली रिकामी होती, स्वच्छ होती, आणि त्यांना ती तशीच हवी होती.

ही जागा निवडली मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. अड्यारच्या एका बंगल्यात नवीनच उघडलेलं ठिकाण, झाडांना पिवळे दिवे, लाकडी बाकं, आणि सगळं लहान लहान ताटल्यांत यायचं. एकेक ताटली मधे ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून आपापल्या काट्यानं उचलायचं. सिरुसेरीच्या माझ्या ऑफिसातली मंडळी एकदा मला घेऊन आली होती आणि मला ते फार आवडलं होतं. कुणी कुणाला वाढत नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही, हात एकमेकांना लागतात, हसायला होतं. अनय आणि देविका येणार म्हटल्यावर मी फोन करून टेबल राखून ठेवलं. आई बरोबर येणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या कुठे जात नाहीत का? टिफिनच्या हॉटेलात दर रविवारी जातात, आवडीनं पोंगल खातात. पण तिथे ज्याची त्याची ताटली. एका ताटलीत सहा जणांचे काटे, तोंडातून निघून परत तिथेच, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आलं असावं. आलं आणि मी म्हटलं असावं, बघू, आजच्या दिवस घेतील सांभाळून.

उष्टं या गोष्टीचा धडा मला या घरात पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. सार उकळत होतं. सांगलीला आईच्या स्वयंपाकघरात करायचे तसंच केलं मी, पळीनं घेतलं, पळीलाच तोंड लावलं, मीठ बेताचं आहे बघून पळी परत पातेल्यात. आई बाजूला नारळ खवत होत्या.  उठल्या, सगळं सार एका वाटीत आणि एका डब्यात काढलं, डबा माझ्या पानापाशी ठेवला आणि बाकीच्यांसाठी नवी डाळ शिजायला लावली. ना टोमणा, ना कपाळाला आठी. जेवताना मला सारखं विचारत होत्या, तुज अजून घालू, तुज आवडतं नव्हं सार. तांब्यातून पाणीही त्या वरून पितात, ओठाला न लावता, आणि एक थेंब गळ्यावर सांडत नाही. माझा नवरा गिरीधर म्हणाला होता, अम्मा तशीच आहे, एच्चिल चालत नाही तिला, मनाला लावून घेऊ नको. एच्चिल म्हणजे उष्टं. मी मनाला लावून घेतलं. रात्रभर रडले, आणि मग सवयीनं विसरले.

"काकू काहीच घेत नाहीयेत," देविका म्हणाली. तशी ती चांगली मुलगी आहे, तिच्या मनात काही नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं आईंकडे वळली, आणि अनयच्या तोंडावर ते हसू आलं. ते हसू मला माझ्या लग्नापासून माहीत आहे. मांडवात गिरीधरची तंजावरकडची मंडळी आपसांत बोलत होती, संथ हेल काढत, मधेच तमिळ, मधेच असलं मराठी की ते आमच्याकडे पोथ्यांतच उरलंय, आणि अनयनं माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, "ताई, हे लोक मराठी आहेत ना नक्की?" पुढे किती वर्षं आमच्या घरी हा विनोद चालला. दिवाळीला फोन केला की विचारायचा, काय मद्रासीणबाई, मज तुज काय चाललंय? मी हसायचे. हसायचे आणि फोन ठेवल्यावर चिडायचे, कुणावर ते कळायचं नाही. तीनशे वर्षं झाली हो यांना इकडे येऊन, तरी घरात मराठीच बोलतात, तुम्ही पुण्यात राहून मुलांशी इंग्रजी झाडता, असं मी कितीदा मनात म्हटलंय. तोंडानं एकदाही नाही. आणि आता तो बसला होता समोर, पाव टोमॅटोत बुडवत, त्या हसूसकट. पुण्याला परत गेल्यावर तो काय सांगेल ते मला शब्दाशब्दानं ऐकू येत होतं. ताईची सासू आमच्या उष्ट्याचा विटाळ मानते. एका टेबलावर बसून जेवत नाही.

गिरीधर असता तर निभावलं असतं. पण त्याच्या कारखान्यात कसलंसं मशीन बंद पडलं होतं, तो फोन कानाला लावून केव्हाचा बाहेर झाडाखाली फेऱ्या घालत होता. मग मीच बोलले. मी म्हणाले, "अगं, त्यांना आज एकादशी आहे."

किती सहज म्हणाले. त्यांच्यासाठी वेगळं मागवू या, एवढंही म्हणता आलं असतं. पण मग वेगळं का, ते सांगावं लागलं असतं. उपास कसा, स्वच्छ असतो. उपासाला कुणी हसत नाही. आमची सांगलीची आजीही करायची.

"आज?" देविका म्हणाली. "एकादशी तर होऊन गेली ना?"

"त्यांचं पंचांग वेगळं असतं," मी म्हणाले. हे अर्धं खरं होतं, त्यांची एकादशी कधीकधी आमच्या दुसऱ्या दिवशी पडते. अर्धं खरं हाताशी असलं की खोट्याला बळ येतं. देविकानं मान डोलावली आणि लगेच म्हणाली, "मग बटाटा चालेल की. त्यांना फ्राइज मागवू, वेगळे, त्यांचे त्यांना." बघा, मला हेच हवं होतं. हेच मी मनात धरलं होतं, की उपास म्हटलं की आमच्या माणसांना बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा सुचतोच, आईंना आपसूक त्यांची ताटली मिळेल, त्या खातील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं. मी आईंकडे पाहून हसलेसुद्धा. आईंनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून टेबलाच्या त्या कडेला, कीर्तनापुढे ठेवला.

तेव्हा मला कळायला हवं होतं. तेरा वर्षं मी त्या बाईबरोबर एका घरात राहतेय. त्यांची एकादशी म्हणजे बटाटा नव्हे, दूध नव्हे, पाणीही नव्हे. दशमीच्या संध्याकाळी तोंड धुतलं की द्वादशीच्या सकाळी तुळशीचं तीर्थ घेईपर्यंत काही नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना एकादशीला साबुदाण्याची खिचडी करून दिली तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. हा उपास आहे की सण, म्हणाल्या होत्या. आणि ती एकादशी त्यांनी सोडली ती माझ्यामुळे. शुगर वाढली, गोळ्या पुरेनात, डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली आणि सांगितलं की सुई घेतली की जेवायचंच, नाहीतर जीवावर बेतेल.  अम्माला एकादशी सोड म्हणायची गिरीधरची छाती नव्हती. मीच त्यांच्यासमोर बसले, मीच हात धरले, मीच म्हणाले, आई, देवाला काय तुम्ही उपाशी पडलेल्या हव्यात? त्या म्हणाल्या, "बरं. तू म्हणतेस तर." त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला त्यांनी माझ्यासमोर दोन घास भात खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या खात होत्या. मला तेव्हा आपण फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं.

आणि आजची सुई मीच टोचली होती. रोज मीच टोचते. दुसऱ्याच्या पळीतलं सार न घेणारी ही बाई रोज संध्याकाळी पदर खांद्यावरून सारून डावा दंड माझ्यापुढे करते आणि तोंड खिडकीकडे वळवते. हॉटेलच्या न्हाणीघरात सुई नको म्हणाल्या, म्हणून निघताना घरीच दिली. अण्णा नगरहून अड्यारला पोचायला कितीसा वेळ, पोचलो की खायला मिळेलच. गर्दी लागली. मग ताटल्या यायला उशीर झाला. मग आल्या त्या अशा. हे सगळं मी त्या टेबलावर बसून विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरले नव्हते. दोनदा मनात येऊन गेलं, सुई दिलीय, यांनी खायला हवं. आणि दोन्ही वेळा मी स्वतःला म्हटलं, येतायत ना फ्राइज.

आले फ्राइज. वर चीज घातलेलं, तरी वेगळ्या ताटलीत, आईंसमोर. आई म्हणाल्या, "मज नको गे. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. देविका म्हणाली, "अहो काकू, बटाटा चालतो." आईंनी हसून मान हलवली. "आमच्याकडे एकादशीला पाणी सुद्धा नाही." देविकाच्या डोळ्यांत केवढा आदर आला. "निर्जळी? या वयात? अनय, ऐकलंस का, आपल्याकडे आता कोण करतं एवढं." अनयचं ते हसू गेलं. तो सावरून बसला, म्हणाला, "काकू, ग्रेट आहात." आणि मला, हे सांगायला जीभ रेटत नाही, मला बरं वाटलं. माझ्या सासूचा माझ्या माहेरानं मान केला आणि तो मान मी मिळवून दिला, असं वाटलं. फ्राइज कीर्तनानं ओढून घेतले. अनय त्याच्या औंधच्या फ्लॅटबद्दल सांगायला लागला, स्वयंपाकघराचा ओटा कुठल्या दगडाचा ते सांगायला लागला. मी हसत होते. मी विचारत होते, मग फरशी कुठली? ताटल्या येत होत्या, मक्याचे दाणे, पनीर, कसलीशी भरलेली मिरची, काटे आत जात होते, बाहेर येत होते, आणि या सगळ्याच्या कडेला आई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही. मान वळवली असती तर दिसलं असतं, म्हणूनच वळवली नाही.

"अम्मा," कीर्तना म्हणाली, "आज्जी शेक होतेय."

मी वळले. आईंच्या वरच्या ओठावर घाम होता. पंखा डोक्यावर फिरत होता आणि कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईपर्यंत आलं होतं. टेबलाच्या कडेवर ठेवलेली बोटं आपोआप हलत होती, पेटीवर स्वर शोधत असल्यासारखी. डोळे माझ्यावर होते, पण मी त्यांना दिसत होते की नाही सांगता येत नव्हतं. मी बाक मागे सारून उठले, हाताला लागला तो ग्लास उचलला. देविकाचं लिंबू सरबत, अर्धं प्यायलेलं, गोड.  काठावर तिच्या ओठांचा लाल रंग लागला होता. तोच काठ मी आईंच्या ओठांना लावला.

त्यांनी ओठ मिटून घेतले.

मला वाटलं, देवा, अजूनही उष्टं? मी चिडले. खरंच सांगते, त्या क्षणी मी त्यांच्यावर चिडले. "आई, तोंड उघडा," मी म्हणाले. त्या काहीतरी पुटपुटल्या. मी कान जवळ नेला. "एकादशी गे," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. विचारत होत्या त्या मला. मी सांगितलं होतं, मीच परत घ्यायचं होतं. ते परत घेतल्याशिवाय हे तोंड उघडणार नव्हतं, मेल्या तरी नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नाही हो आई, आज काही नाही, मी खोटं बोलले, एवढं म्हणायचं होतं. मागे अनय उभा होता. त्याचा हात माझ्या पाठीवर होता. आणि मी थांबले. किती थांबले ते मला माहीत नाही. श्वास घेण्याइतकं असेल. माणूस हातात थरथरतंय आणि मी भावाला काय वाटेल याचा विचार करत उभी, एवढं मी स्वतःचं पाहिलं. मग माझ्या तोंडून निघालं ते हे, "औषध आहे आई. औषधानं उपास मोडत नाही."

त्यांनी तोंड उघडलं. देविकाचं उष्टं सरबत त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, ओठ लावून, माझ्या हातानं. थोडं हनुवटीवर सांडलं. मी ते पदरानं पुसलं.

गिरीधर धावत आला तोवर त्यांची बोटं शांत झाली होती. "अम्मा, एन्न आच्चु?" तो विचारत होता, काय झालं, काय झालं. अनय जरा वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला, "काकू, एवढी शुगर आणि त्यात निर्जळी एकादशी? असं करायचं नसतं." गिरीधर म्हणाला, "कसली एकादशी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझी चूक झाली," आई म्हणाल्या. आवाज अजून ओला होता. "ही कमलिनी नको म्हणून सांगितली होती. मीच ऐकली नाही." आणि देविकाकडे वळून, "तुमचं जेवण खराब केली मी. मनात ठेवू नका."

तेव्हा मी बोलले. उशिरा, पण बोलले. "नाही, त्यांनी नव्हता धरला उपास. आज एकादशी नाहीच आहे. मी सांगितलं तसं. त्यांना एका ताटलीतलं चालत नाही, मला लाज वाटली, म्हणून मी खोटं सांगितलं." माझा आवाज चढला होता. बाजूच्या टेबलावरचे बघायला लागले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी मला बोलेल, आणि मी मोकळी होईन.

आई हसल्या. देविकाला म्हणाल्या, "बघा कशी सांगते. माझं झाकायला स्वतःवर घेते. होती हो एकादशी. आमचं पंचांग वेगळं."

आणि अनयनं माझा खांदा दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई," तो म्हणाला, "खरंच या घरची झालीस तू. आम्ही उगीच हसायचो." देविकानं माझा हात धरला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली होती ते सगळं त्यांच्या तोंडावर होतं, आणि मला तिथून उठून कुठेतरी अंधारात जाऊन तोंड धुवावंसं वाटत होतं.  गिरीधरनं वाढणाऱ्याला हाक मारली आणि तमिळमध्ये सांगितलं, की एक ताटली वेगळी आण, साधा पाव आणि लोणी, आणि सरळ अम्माच्या हातात दे. तो मुलगा बरं म्हणाला आणि घेऊन आला. एवढंच. आई पाव खात होत्या, बारीक तुकडे करून, मान खाली घालून, आणि आम्ही सगळे बघत होतो.

अनय आणि देविका जवळच्याच गेस्ट हाऊसवर उतरले होते, ते चालत गेले. जाताना दोघं आईंच्या पाया पडले. कीर्तना पुढे बापाजवळ बसली, मागे आई आणि मी. पुलावर नदीचा वास आत आला तशी मी काच वर केली. गिरीधर रस्त्याकडे बघत होता. तो मला घरी गेल्यावरही काही विचारणार नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. मी आईंचा हात घेतला. थंड होता, पण स्थिर होता.

"आई," मी हळू म्हणाले, "असं का केलंत? आज एकादशी नव्हती. तुम्हालाही माहीत होतं."

त्या बाहेर बघत होत्या. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तू सोड म्हणून सांगितलीस, सोडली," त्या म्हणाल्या. "आज धर म्हणून सांगितलीस, धरली."

 त्यांनी हात सोडवून घेतला, पदराखाली नेला आणि दंड चोळला.

"उद्या उजव्या हातात टोच," त्या म्हणाल्या. "हा दुखतो."